गोणी किती किलोची?

बुसिया हे गाव एकच, पण ते दोन देशांत आहे. रस्त्याच्या अलीकडे युगांडा, पलीकडे केनिया, आणि दोन्हीकडच्या पाट्यांवर नाव तेच. २०१८ साली इथल्या संयुक्त सीमाठाण्याचं उद्घाटन झालं. तेव्हापासून ट्रकवाल्याला दोन्ही देशांचे शिक्के एकाच छपराखाली मिळतात. मी मात्र ट्रकांच्या रांगेपासून जरा लांब, पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. शेजारी विशीतली एक गणक मुलगी. तिच्या मांडीवर चापाची पाटी, पाटीला लावलेला छापील तक्ता, आणि समोरून जाणाऱ्या सायकली.

सायकलीवर दोन गोण्या आडव्या टाकलेल्या, मालक पायी ढकलत चाललेला. मुलगी एकदा वर बघायची, एकदा खाली, आणि मक्याच्या रकान्यात रेघा ओढायची. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी, आमच्या लहानपणी किराणावाला ओढायचा तशी. सायकलवाल्यांना थांबवून विचारायची तिला सोय नव्हती. थांबवलं की माणसं बिचकतात, वळसा घालून पान्या वाटांनी जातात. पान्या म्हणजे स्वाहिलीत उंदीर. आपण चोरवाट म्हणतो, ते उंदीरवाट म्हणतात. म्हणून वजनाचा अंदाज नजरेनेच घ्यायचा. कसा घेतेस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मामा, गोणीकडे बघू नका. मागचं चाक किती दबलंय ते बघा."

तिकडे वयस्कर बाईला आदराने मामा म्हणतात, म्हणजे आई. पहिले दोन आठवडे कुणी हाक मारली की कुणाचा भाऊ आलाय हे पाहायला मी मागे वळायचे.

मी आयुष्यभर सरकारी आकड्यांतच नोकरी केली. सुरुवात सातारा जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांतून झाली. हातात वही, दर टिपायचे, संध्याकाळी एसटीने परत. निवृत्तीनंतर एका सल्लागार संस्थेतर्फे पूर्व आफ्रिकेत गणकांच्या प्रशिक्षणाचं काम मिळालं. मुलगा म्हणाला, "आई, तिथे जाऊन करणार काय?" मी म्हटलं, साताऱ्यात करत होते तेच. ते अर्धं खरं ठरलं. उरलेलं अर्धं म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून त्या एकमेकींशी जुळवणं. हे मी साताऱ्यात कधी केलं नव्हतं.

ईस्ट आफ्रिकन कम्युनिटी हा आता आठ देशांचा व्यापारी संघ आहे. केनिया, युगांडा आणि टांझानिया हे मूळचे तीन. २००७ मध्ये रवांडा आणि बुरुंडी आले, २०१६ मध्ये दक्षिण सुदान, २०२२ मध्ये काँगो, २०२४ मध्ये सोमालिया. मुख्यालय टांझानियात, अरुषाला. २००५ पासून जकातीची एक भिंत, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर सगळीकडे सारखाच कर. २०१० पासून सामाईक बाजारपेठ. पुढे एक चलन आणायचं असं २०१३ च्या करारात ठरलं. त्यासाठी २०२४ साल धरलं होतं, आता २०३१ म्हणतात.

नवल असं की पहिल्या तिघांची वही कधी काळी एकच होती. १९२० पर्यंत तिथे भारतीय रुपया चालायचा, पुढे १९६६ पर्यंत पूर्व आफ्रिकी शिलिंग. ब्रिटिश अमलाच्या शेवटच्या वर्षांत तिन्ही प्रदेशांचं मिळून एक सांख्यिकी खातं होतं आणि व्यापाराचा वार्षिक अहवालही एकत्र छापला जायचा. स्वातंत्र्यानंतर १९६७ मध्ये या देशांनी स्वतःहून संघ केला. दहा वर्षांत भांडण झालं, १९७७ मध्ये वाटणी झाली, आणि केनिया-टांझानियाची सीमा पुढची काही वर्षं चक्क बंद राहिली. वाटणीत भांडीकुंडी मोजून मिळतात, हिशेबाची पद्धत मात्र ज्याची त्याची वेगळी होत जाते. १९९९ मध्ये पुन्हा करार झाला तेव्हा मधल्या बावीस वर्षांत प्रत्येकाने आपापलं माप पक्कं केलेलं होतं.

हे 'माप' मी शब्दशः म्हणतेय. मक्याचा भाव केनियात नव्वद किलोच्या गोणीवर बोलतात, टांझानियात शंभराच्या. गोणीला स्वाहिलीत गुनिया म्हणतात. आपली गोणी समुद्र ओलांडून गेली आहे. रॉकेलच्या चौकोनी डब्याचं माप असतं त्याला म्हणतात डेबे, आणि तो आपल्या डब्याचाच भाऊ. केनियात किरकोळ विक्रीला वनस्पती तुपाचा दोन किलोचा रिकामा डबा वापरतात, त्याचं नाव गोरोगोरो. टांझानियात आणखी एक प्रकार आहे, लुंबेसा. गोणी तोंडापर्यंत भरायची, वर आणखी माल रचायचा, त्यावर जाळी किंवा दुसरं पोतं शिवून टाकायचं. बघणाऱ्याला ती एकच गोणी, भावही एकाच गोणीचा. कायद्याने बंदी आहे, पण लुंबेसा चालतेच.

माझ्या आजोळी पायलीवरून असाच घोळ असे. आमच्या गावची पायली वेगळी, घाटाखालची वेगळी, आणि उसनं धान्य घेताना कुठल्या पायलीने घेतलं ते आजी मोठ्याने बोलून घ्यायची. १९५६ च्या कायद्याने देशभर किलो आले तरी आजीच्या तोंडी शेवटपर्यंत पायली आणि अधोलीच राहिली. त्यामुळे अरुषाच्या एका बैठकीत दोन देशांचे अधिकारी तासभर गोणीवर वाद घालत बसले, तेव्हा मला मुळीच हसू आलं नाही. दोघांची आकडेवारी आपापल्या जागी बरोबर होती. नव्वदच्या भावाशेजारी शंभराचा भाव ठेवला की आपोआप दहा-अकरा टक्के महागाई दिसते आणि दोन्ही गावांतल्या माणसांनी मात्र तेवढ्याच किलोला तेवढेच पैसे मोजलेले असतात.

आकडे जुळवायचे म्हणजे सगळ्यांचा आकडा सारखा यावा, असा लोकांचा समज असतो. माझ्या नणंदेने फोनवर हेच विचारलं होतं: "मग शेवटी खरा कुणाचा धरता?" कुणाचाच नाही. कुठली वस्तू, कुठल्या मापात, कुठल्या दिवशी, कुठल्या वर्गात टाकायची, एवढंच आधी ठरवायचं. मग आकडा येईल तो येवो. ऐकायला सोपं आहे. पण आपलं माप सोडणाऱ्याची मागची तीस वर्षांची आकडेमाला तुटते, आणि सोडणारा कोण, याचा वाद मग चहाच्या दोन फेऱ्यांत मिटत नाही.

मासळीचीच गोष्ट घ्या. व्हिक्टोरिया सरोवराला तीन देशांचा किनारा आहे आणि त्यात बोटाएवढा चांदीसारखा एक मासा मिळतो. वाळूवर, जाळ्यांवर पसरून उन्हात वाळवतात. वास थेट आपल्या वाळत घातलेल्या मांदेलीचा. मला पहिल्याच दिवशी हर्णैच्या किनाऱ्याची आठवण झाली. केनियात त्याला ओमेना म्हणतात, युगांडात मुकेने, टांझानियात दगा. तिन्ही देशांच्या दर-तक्त्यांत तीन नावांनी तीन वस्तू, प्रत्यक्षात मासा एकच. नावाचा प्रश्न अर्ध्या दिवसात सुटला, कारण प्राणिशास्त्रातलं नाव एकच आहे. पुढचा प्रश्न चिवट निघाला. हा मासा गरिबांच्या कालवणात जातो तसाच कोंबड्यांच्या खाद्याच्या गिरणीतही जातो. जगभरच्या जकात खात्यांत मालाला सहा आकडी क्रमांक देण्याची एक पद्धत १९८८ पासून चालू आहे. आपल्या न्हावा शेव्यालाही तीच, पुढे आपले दोन आकडे जोडून. त्या पद्धतीत माणसाने खायची मासळी तिसऱ्या प्रकरणात येते आणि माणसाने न खायच्या मासळीचं पीठ तेविसाव्यात. आता सायकलीवरून चाललेलं मुकेनेचं पोतं कालवणाचं की कोंबडीचं? ते पोतं नेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पलीकडे जो जास्त भाव देईल, त्याचं.

त्यावर काय ठरलं? पूर्ण मासा असेल तर तिसरं प्रकरण, दळलेला आणि खाण्यायोग्य नसेल तर तेविसावं. कोंबडी बिचारी हिशेबातून गेली. मला हे पटलं. सीमेवर उभ्या असलेल्या मुलीला जे डोळ्यांनी दिसतं त्यावरच नियम बेतला पाहिजे. नाहीतर नियम अरुषात राहतो आणि तक्त्यात मनाला येईल ते भरलं जातं.

दर टिपण्याच्या कामात मला घरच्यासारखं वाटायचं. कंपालाच्या बाजारात टोमॅटो ढिगाने विकतात. चार खाली, एक वर, असा वाटा. आपल्याकडे कोळणी मासळीचा वाटा लावतात, अगदी तसंच. महागाई आली की विकणारी बाई भाव वाढवत नाही. ती वरचा टोमॅटो काढून घेते. वाट्याचा भाव तोच, म्हणून वहीत महागाई शून्य. म्हणून दर टिपणाऱ्याने काटा बरोबर न्यायचा, वाटा विकत घ्यायचा, तोलायचा आणि किलोचा भाव काढायचा. कुठल्याही देशातल्या बाजारात हे एवढं पाळलं नाही, तर वरच्या सगळ्या परिषदा व्यर्थ आहेत, असं माझं मत आहे.

सरासरी कशी काढायची यातही मेख आहे. दोन दुकानं धरा. पहिल्यात किलोचा भाव वीसवरून चाळीस झाला, दुसऱ्यात चाळीसवरून वीस. एका ठिकाणी दुप्पट, दुसरीकडे निम्मा. दोन आणि अर्धा यांची साधी सरासरी सव्वा येते, म्हणजे २५ टक्के महागाई. गुणाकाराची सरासरी घेतली तर दोन गुणिले अर्धा बरोबर एक, महागाई शून्य. दोन्ही दुकानांत पिशवी घेऊन गेलेल्या बाईला कुठलं उत्तर पटेल ते तुम्हीच ठरवा. केनियाने २००९ मध्ये पहिली रीत सोडून दुसरी घेतली, आणि महागाईचा दर बराच खाली आला. त्या दिवशी बाजारात टोमॅटो काही स्वस्त झाले नव्हते. असं काही झालं की लोकांना सरकारने आकडे शिजवले असंच वाटतं, आणि ती समजूत दूर करणं हे गणितापेक्षा अवघड काम.

याला एवढं महत्त्व का, तर एक चलन आणायचं तर प्रत्येक देशाने काही मर्यादा पाळायच्या असं करारात आहे. महागाई ८ टक्क्यांच्या आत, सरकारी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत, कर्ज ५० टक्क्यांच्या आत, आणि साडेचार महिन्यांच्या आयातीला पुरेल इतकी परकीय गंगाजळी. चारही मोजमापं आकड्यांची, आणि तो आकडा ज्याचा त्यानेच काढायचा. परीक्षा द्यायची आपणच आणि पेपर तपासायचाही आपणच! राष्ट्रीय उत्पन्न केनिया कॅलेंडर वर्षाने मांडतो, युगांडा मुख्यतः जुलै ते जूनच्या वर्षाने. २०१४ मध्ये केनियाने हिशेबाचं पायाभूत वर्ष २००१ वरून २००९ केलं, मोबाइल आणि नवे सेवाधंदे नीट मोजले, आणि अर्थव्यवस्था कागदावर एका दिवसात सुमारे २५ टक्क्यांनी मोठी झाली. कर्ज तेवढंच राहिलं, पण उत्पन्नाशी त्याचं प्रमाण घटलं. यात लबाडी नव्हती. युगांडा आणि टांझानियानेही त्याच वर्षी पाया बदलला. पण एकाने बदलला असता आणि दुसऱ्याने नसता, तर दोघांना एका फूटपट्टीने कसं मोजणार?

लबाडी झाली की काय होतं ते युरोपने पाहिलं आहे. ग्रीसने २००९ सालची तूट आधी ४ टक्क्यांच्याही खाली दाखवली होती, मग ती १२ च्या वर गेली, अखेर १५ च्या वर. नंतर आकडे नीट करणाऱ्या सांख्यिकी प्रमुखावर, आंद्रेआस जॉर्जिऊ यांच्यावर, त्यांच्याच देशात वर्षानुवर्षं खटले चालले. अरुषातल्या चहाच्या वेळी हे नाव निघालं की खोलीतले सगळे सांख्यिकीवाले दोन क्षण कपाकडे बघत राहायचे.

माझी स्वतःची एक फजिती सांगते. एका कार्यालयातून दराची फाइल आली. तिथे फ्रेंच वळणाची पद्धत होती. फ्रेंचमध्ये दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. त्यांनी लिहिलं ३,१२५ म्हणजे तीन आणि थोडं. मी वाचलं तीन हजार एकशे पंचवीस. तांदळाचा भाव हजारपट चढलेला बघून मी रात्री अकरा वाजता सहकाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मामा, स्वल्पविराम." मग पुढच्या महिन्यात मी एका तक्त्यात आपल्या सवयीने १,२५,००० लिहिलं आणि हा कुठला आकडा म्हणून मला फोन आला. फिट्टंफाट. स्वाहिलीत लाखाला लाकी म्हणतात, हिशेबाला हेसाबू. शब्द ओळखीचे होते, स्वल्पविरामाची जागा तेवढी नव्हती.

व्यापाराचे आकडे तर आरशासारखे जुळायला हवेत. केनिया म्हणतो युगांडाला इतकी निर्यात केली, युगांडा म्हणतो केनियातून इतकी आयात झाली. दोन्ही समोरासमोर ठेवले तर कधीच सारखे नसतात. निघतानाची किंमत भाडं आणि विम्याशिवाय धरतात, पोचतानाची त्यासकट. डिसेंबरच्या अखेरीला निघालेला ट्रक पलीकडे जानेवारीत पोचतो. शिवाय युगांडाला समुद्र नाही. न्हावा शेव्याहून कंपालाला निघालेला औषधांचा कंटेनर मोम्बासाला उतरतो. कागदावर उतरण्याचं बंदर केनियाचं. कुणी कारकून घाईत तेच गंतव्य म्हणून भरतो, आणि आपल्या वहीत तो माल केनियाने खाल्लेला दिसतो. २०१४ पासून युगांडाचे जकात अधिकारी मोम्बासालाच बसून कर घेऊ लागले. व्यापाऱ्यांची सोय झाली, पण माल सीमा ओलांडतो केव्हा आणि त्याची नोंद होते केव्हा यातलं नातं पुन्हा बदललं. त्यात एका देशाच्या जकातीचं सॉफ्टवेअर एक, दुसऱ्याचं दुसरं. युरोपात तर १९९३ मध्ये आपसातल्या जकात चौक्याच उठल्या, तेव्हा मोजणाऱ्यांच्या हातातला कागदच गेला. मग कंपन्यांकडून दरमहा पत्रकं मागवायची नवी व्यवस्था उभारावी लागली. सीमा मोकळी झाली की व्यापारी खूश असतो आणि मोजणारा रडत असतो.

आणि बुसियाची ही सायकल तर कुठल्याच कागदावर नसते. बोडा-बोडा हे नाव इथल्याच सीमेवरचं. दोन चौक्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यातून माणसं आणि माल पोचवणारे सायकलवाले 'बॉर्डर, बॉर्डर' ओरडत गिऱ्हाईक बोलवायचे, त्याचं झालं बोडा-बोडा. आता तिकडे मोटारसायकल टॅक्सीलाही तेच म्हणतात. डोक्यावर टोपली घेऊन पलीकडे जाऊन दुपारी परतणाऱ्या बायका, पाठीवर चपलांचं गाठोडं बांधलेली पोरं, यांचा व्यापार नोंदवण्यासाठी युगांडाची मध्यवर्ती बँक आणि सांख्यिकी कार्यालय वर्षानुवर्षं अशी पाहणी करत आलेत. महिन्यातले ठरावीक दिवस मोजायचं आणि त्यावरून सगळ्या महिन्याचा अंदाज बांधायचा. त्यातून वर्षाला कित्येक कोटी डॉलरांची निर्यात समोर येते. ती नसती मोजली तर मका आणि घेवडा पिकवणारा युगांडा आकड्यांत उगाच केविलवाणा दिसला असता. पण पलीकडच्या शेडमध्येही कुणीतरी तेच तेवढ्याच काळजीने, त्याच मापाने मोजलं पाहिजे. तेव्हा आरशाच्या दोन्ही बाजू जुळतील.

संध्याकाळी पाच वाजता मुलीची पाळी संपली. मी तिला म्हटलं, चाकावरून वजन ओळखतेस ते एकदा ताडून बघू. ओळखीच्या एका सायकलवाल्याला तिने सोड्याची बाटली कबूल केली आणि आम्ही त्याची एक गोणी शेजारच्या गोदामातल्या प्लॅटफॉर्म काट्यावर चढवली. माझा अंदाज नव्वद, तिचा शंभराच्या वर. काटा हेलकावे खात १०७ वर थांबला. तिने तक्त्याच्या कडेला १०७ लिहून घेतलं. सायकलवाल्याने सोडा संपवला, गोणी पुन्हा लादली, दोरी आवळली आणि हसून म्हणाला, "तुम्ही काय हवं ते लिहा मामा. सीमा ओलांडली की ही नव्वदचीच."